शेजारणीचा अंगठा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माझ्या पायाची नखं काढणं. काम तिचं, पाय माझे. वाकून पायाच्या बोटापर्यंत पोहोचणं मला जमत नाही, याला आता सहा-सात वर्षं झाली. पंधरा-वीस दिवसांनी ती ओट्यावर कोमट पाण्याचा गडवा घेऊन बसायची, माझा पाय ओढून मांडीवर घ्यायची आणि अर्ध्या ब्लेडनं नखं काढायची. लेकीनं कारंज्याहून नेलकटर पाठवलं होतं, पण त्याच्यावर तिचा भरवसा नव्हता.

त्या दिवशी तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर मला काळे डाग दिसले. चटका बसल्यासारखे, कडेनं तांबूस.

"काय झालं वं बोटाले?"

"काई नाई. बिबा लागला."

"बिबा कायले हातात घेतला?"

"टाचेच्या भेगाले लावाले. पाय हालवू नका, कापीन."

ती मांडी घालून बसली होती, तिची टाच माझ्या डोळ्यासमोर होती. टाचेला भेग नव्हती. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. नखं झाली, तिनं ती कागदात गोळा केली, गडव्यातलं पाणी कढीपत्त्याच्या झाडाला टाकलं आणि आत जाऊन भाकरी टाकायला बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात तूर पाखडता पाखडता ती सुपावरच कलली. दवाखान्याची गाडी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याच्याबद्दल मला अजून लिहिता येत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे. जे लिहिता येत नाही ते ओढूनताणून लिहू नये, एवढं मला कळतं.

आमच्या घराच्या उगवतीच्या अंगाला एक बुढी राहते. मूलबाळ नाही, नवरा जाऊन जमाना झाला. एक खोली, पुढे पत्र्याची छपरी, मागे एक लिंबाचं झाड. सगळं गाव तिला बुढीच म्हणतं. मी पंच्याहत्तरीचा, तरी मीही म्हणतो. तेरा दिवस ती रोज आमच्याकडे येऊन भिंतीला टेकून बसली. रडली नाही, बोलली नाही. चहा दिला तर प्यायली. तेरावं झालं, लेक कारंज्याला परत गेली, आणि चौदाव्या दिवशी बुढी हातात एक कागद घेऊन आली.

"भाऊ, तुले वाचता येते ना?"

"थोडंसं."

"मंग पाय बरं, काय लिवलं याच्यात."

कागद ग्रामपंचायतीतून वाटलेला होता. म्हाताऱ्या, विधवा, कोणी नसलेल्या माणसांना सरकार महिन्याचे थोडे पैसे देतं, त्याला आमच्याकडे निराधारचा पगार म्हणतात. तो घेणाऱ्यानं वर्षातून एकदा समोर येऊन मशीनवर अंगठा लावायचा आणि आपण जिवंत आहोत हे दाखवायचं. जो येणार नाही त्याचा पगार बंद. शेवटची तारीख खाली ठळक छापली होती, अकरा दिवस बाकी होते. मी तिला सगळं वाचून दाखवलं.

"ते मले मालूम हाये," ती म्हणाली. "मी काल जाऊन आली. तीनदा अंगठा लावला. मशीन म्हनते, नाई ओळखत."

"मागल्या वर्षी ओळखलं ना?"

"मागल्या वर्षी तुही बायको होती."

एवढं बोलून ती उठली आणि चालती झाली.

मी कागद हातात धरून बसून राहिलो. माझ्या बायकोचा आणि मशीनचा संबंध काय? ती काय मशीनला दम देत होती? तिला स्वतःची सही येत नव्हती. मोबाइलचं हिरवं बटण दाबताना ती डोळे मिटायची. तेरा दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोक्यात रडण्याशिवाय दुसरं काही शिरलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

मी बुढीच्या छपरीत गेलो. म्हटलं, "अंगठा दाखव."

तिनं दाखवला. उन्हात धरून पाहिला. काळपट आणि चिंचोक्यासारखा गुळगुळीत. रेघ म्हणून नव्हती. माझा अंगठा पाहिला, जन्मभर वखर-कुऱ्हाड धरलेला, चिरा पडलेला, तरी रेघा होत्या. मग घरी येऊन मी बायकोची पेटी उघडली. बचत गटाच्या एका जुन्या कागदावर तिचा अंगठा होता, निळ्या शाईतला. चष्मा लावून पाहत बसलो. शांत पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वलयं, आणि मधून एक आडवी पांढरी रेघ, विळा लागला होता तिथं. पन्नासच्या वर वर्षं संसार केला पण तिचा अंगठा मी कधी पाहिला नव्हता. तो कागद मी बराच वेळ धरून होतो. मग परत पेटीत ठेवला, कारण पाहायचं ते पाहून झालं होतं आणि बुढीचं काम तसंच राहिलं होतं.

मशीन चालवणारा गावातलाच, बायको-पोरांचा माणूस. त्याला जाऊन विचारलं.

"बाबा, अंगठा घासेल हाये तिचा," तो म्हणाला. "मी काय करू? मशीनले नाई दिसत तर नाई दिसत. अकरा दिवस हायेत, अंगठा सुधरवून आना."

"अंगठा कसा सुधरवतात?"

"ते मले काय मालूम. दरसाल तुमच्याच घरच्या काकू तिले आनत होत्या. बराबर लागत होता."

पुन्हा तेच. मी सरळ बुढीकडे गेलो आणि विचारलं, "माही बायको तुह्या अंगठ्याले काय करत होती?"

बुढीनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "तू सांगशीन कोनाले."

"नाई सांगत."

"मागं सांगतलं होतं ना."

"कवा?"

"हॉटेलात कोन बोललं होतं, बुढी बिबे फोडून कमावते, तिले कायचा पगार?"

मला आठवलं. सात-आठ वर्षं झाली असतील. चार माणसं चहा पीत होती, कोणाला सरकार काय देतं ते बोलणं चाललं होतं, आणि मी बोललो होतो. बोलायची मला सवयच आहे. समोरचा हसला म्हणून अजून दोन वाक्यं जोडली होती.

"मी गंमत केली होती," मी म्हटलं.

"तुही गंमत चार महिने चालली," बुढी म्हणाली. "कोनं तरी अर्ज देल्ला. पगार बंद. तुही बायको मले घेऊन मंगरूळले तहसीलात चकरा मारे. साहेबाच्या दाराशी बसून राहो आमी दोघी."

"ती तर मंगरूळच्या दर्ग्याले जातो म्हने."

"दर्ग्यालेई जाओ. गाडीले टाइम राहे ना."

"तिले मालूम होतं, मी बोललो ते?"

"पयल्याच दिवशी."

सात-आठ वर्षं. मला ती कधी एका शब्दानं बोलली नाही. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मी ओरडलो तर उलट ओरडायची, पण हे बोलली नाही. का बोलली नाही, हे मला आजही नीट कळलेलं नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो, हे मात्र खरं.

बुढीनं आतलं दार लोटलं आणि कोपऱ्यातलं पोतं उघडून दाखवलं. बिबे, काळे कुळकुळीत. मंगरूळचा एक व्यापारी आहे, त्याचा माणूस पंधरा दिवसांनी पोतं आणून टाकतो आणि फोडून काढलेली गोडंबी घेऊन जातो. गोडंबी म्हणजे बिब्याच्या आतला गर, लाडवात घालतात तो. बाहेरच्या टरफलात जे तेल असतं ते कातडीला लागलं की जाळतं. रोज फोडणाऱ्याच्या बोटांवर रेघा राहतच नाहीत. निराधारच्या पगारात बुढीचा महिना निघत नाही, म्हणून ती बिबे फोडते. बिबे फोडते म्हणून अंगठा पुसतो. अंगठा पुसला की पगार बंद. आणि बिबे फोडते हे कोणी वर कळवलं, तरीही पगार बंद. मी हे बोटांवर मांडून पाहिलं. कुठूनही गेलं तरी बुढीच अडकत होती.

"मंग फोडनं थांबव ना पंधरा दिवस."

"पोतं परत गेलं का दुसरीच्या घरी जाते. मंग कोन देते मले?"

"मंग दरसाल कसं जमे?"

"तपासनीच्या आधी ती मले हात लावू देत नव्हती. हाताले जवसाचं तेल लावून चिंधी बांधे. माहे भांडे तीच घासे, धुनं तीच धुए. अन् बिबे तीच फोडे. तू दुपारी झोपला का यायची."

नव्या कातडीवर रेघा उगवतात, हे माझ्या बायकोनं कुठून शोधून काढलं होतं कोण जाणे. या वर्षीही तिनं सुरुवात केली होती, आणि तेव्हाच ती गेली. मग तेरा दिवस बुढीला थांबवायला कोणी नव्हतं. पोतं तर संपवायचं होतं. तिनं हातावरची चिंधी सोडली आणि पुन्हा फोडायला बसली.

टाचेच्या भेगा. मी तिथंच उभा होतो आणि मला ते काळे डाग दिसत होते.

"दे तुहा दगड," मी म्हटलं.

"तुले नाई जमनार."

"दे."

त्या दुपारपासून मी बिबे फोडायला बसलो. दार बंद, छपरीत पोत्याचा पडदा. बुढीच्या दोन्ही हातांना तेल लावून मी चिंध्या बांधल्या आणि ती समोर बसून मला शिकवायला लागली.

"आडवा नाई, उभा धर. पाठीवर मार."

"असा?"

"बाप्पा, तू काय खुंटा ठोकून राह्यला? हलका मार. गोडंबी चुरली तर तो घेत नाई."

"अन् तेल उडते ते?"

"तोंड मांगं घे. बोटं राखेत बुडव. दर खेपी बुडव, आयशीचं लेकरू असल्यावानी सांगा लागते याले."

बिबा फोडणं कठीण काम आहे, हे मी लिहून ठेवतो. एका फटक्यात टरफल उकललं पाहिजे आणि आतला पांढरा गर अख्खा निघाला पाहिजे. पहिल्या दिवशी माझ्या हातून चुराच जास्त झाला. पण मला त्यात एक गोडी लागली. प्रत्येक बिब्याची पाठ निराळी असते, फटका कुठं मारायचा ते बोटाला चाचपून समजायला लागतं. ती इथं बसून हेच चाचपत असेल. मी बुढीला सारखं विचारत होतो, ती कुठं बसायची, काय बोलायची, कोणत्या हातानं मारायची. बुढी कंटाळली. म्हणाली, "तू तिले जिवंतपनी इतलं विचारलं असतं तर ती इकडे आलीच नसती."

फोडून झालं की मी बुढीची भांडी घासायचो. तिला ते आवडत नव्हतं. हातांना चिंध्या बांधून ती दारात बसायची आणि हसायची. "मेंदी लावल्यावानी बसली मी. लग्नातई मले कोनं असं बसवलं नाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर एक डोळा उघडेना. बिबा उतला होता. तोंड सुजलं, कपाळावर पुरळ, मान लाल. बुढीनं खोबरं किसून दिलं, थोडं खायला, थोडं लावायला. म्हणाली, "तिलेई उतलं होतं पयल्या साली."

"मले कसं नाई दिसलं?"

"दिसलं ना. तू म्हनलं दाढ दुखते काय. ती म्हने, हो."

हेही मला आठवलं. मी दुकानात जाऊन लवंगा आणल्या होत्या. तिनं त्या समोर बसून दाढेखाली धरल्या होत्या. दुखत नसलेल्या दाढेखाली.

सुजलेलं तोंड घेऊन घरात बसलो असतो तर लोक पाहायला आले असते, म्हणून हॉटेलात गेलो. तिथं माझ्याच वयाचे दोघं-तिघं रोज असतात.

"काय रे, सुजला काहून?"

"मोहोळ उठलं."

"कुठं?"

"वावरात."

"तुह्या वावरात तर झाड नाई."

"म्हनूनच मले चावलं. बसाले जागा नोती त्याले."

ते हसले. मग त्यातला एक चहा ढवळत म्हणाला, "लोक म्हनतात, तू दुपारचा बुढीच्या घरी दार लावून बसतं. कायले जातं?"

"भांडे घासाले."

यावर ते इतके हसले की एकाला ठसका लागला. मी खरं तेच बोललो होतो. जन्मभर मी जे बोललो ते लोकांनी खरं धरलं, बुढीचा पगार बंद होण्याइतकं खरं धरलं. आणि या एका खऱ्या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवला नाही. त्या दिवशी ते बुढीच्या फायद्याचं होतं, म्हणून मीही हसलो.

रोज संध्याकाळी उजेड असेपर्यंत मी बुढीची चिंधी सोडून अंगठा पाहायचो. पाचव्या दिवशी काळी साल सुटायला लागली. खाली गुलाबी कातडी होती, लेकराच्या हातासारखी. सातव्या दिवशी चष्म्यातून एक रेघ दिसली, की मला दिसावी असं वाटत होतं म्हणून दिसली, ठाऊक नाही. आठव्या दिवशी दोन-तीन. बुढीला दाखवलं तर म्हणाली, "मले काय दाखवतं, मशीनले दाखव."

आम्ही थांबलो. जितके दिवस जास्त तितक्या रेघा जास्त, असा माझा हिशोब. शेवटच्या दिवशी सकाळी दहा वाजता दोघं ग्रामपंचायतीत गेलो. बाकावर सात-आठ माणसं. टेबलाशी तलाठी मॅडम, शेजारी मशीनवाला. मॅडम वाशिमकडच्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या.

बुढीनं चिंधी सोडली. अंगठा काचेवर ठेवला. काचेतून लाल उजेड आला आणि गेला.

"नाई घेतला," मशीनवाला म्हणाला. "पुसून लावा."

मी रुमालानं पुसला. पुन्हा नाही. बुढीनं अंगठ्यावर फुंकर मारली, जोरानं दाबला. पुन्हा नाही. डावा लावला, तोही नाही.

"आजी, आज शेवटची तारीख आहे," मॅडम म्हणाल्या. "अंगठा लागला नाही तर माझ्या हातात काही राहत नाही. मागच्या वर्षी त्या पल्याडच्या आळीतल्या गवंड्याचंही असंच झालं. त्यांचं नाव निघालं."

बुढीनं अंगठा पदरात घेतला.

मॅडमची नजर माझ्या हातांवर गेली. मग तोंडावर. तोंडाची सूज उतरली होती, पण डाग होते. "बाबा, तुमची बोटं कशानं काळी झाली?"

मी उत्तर देण्याआधी बाकावरून कोणी तरी बोललं, "बिबा हाये तो, मॅडम. बुढी फोडते ना बिबे."

मला माहीत होतं आता काय होणार. असंच एक वाक्य मी एकदा बोललो होतो.

"मी फोडतो," मी म्हटलं. "बिबे माहे हायेत."

"तुमी?" मशीनवाला म्हणाला. "तुमाले वावर हाये, बाबा. तुमाले कायची गरज?"

"बायको मेली. हाताले काम पाह्यजे. तुले काई तरास?"

त्याला काही त्रास नव्हता. मॅडमनी माझी बोटं पाहिली, बुढीच्या अंगठ्याकडे पाहिलं, बुढीच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्यासमोर वही उघडी होती. त्यांनी तिच्यात काही लिहिलं नाही.

पण पगार अजून बंदच होणार होता. मी त्या मशीनकडे पाहत होतो. काडीच्या पेटीपेक्षा थोडी मोठी वस्तू, वर बोटाएवढी काच. अकरा दिवस मी या काचेसाठी मरमर केली होती आणि ती मी धड पाहिली नव्हती. मला एक गोष्ट समजेना, म्हणून विचारली. वाद म्हणून नाही विचारली, खरंच समजत नव्हतं.

"याले कसं समजते का लावला तो अंगठाच हाये?"

"कशाचं?"

"मी याच्यावर करंगळी ठेवली तर हे काय म्हनीन?"

"काई नाई म्हनत. करंगळी बी चालते." मशीनवाला स्क्रीनकडे पाहत बोलत होता. "आधार काढला तवा दहाही बोटं घेतले असतात ना."

"दहाही?"

"हो."

"मंग तू अंगठा कायले मांगतं?"

त्यानं वर पाहिलं. "सगळे अंगठाच लावतात, बाबा," तो म्हणाला. "अंगठा म्हनलं का मानसाले समजते."

ते खरं होतं. माझ्या बापानं वावराच्या कागदावर अंगठा लावला, आईनं लावला, बायकोनं लावला. ज्याला लिहिता येत नाही त्याची सही म्हणजे अंगठा. मशीन आली तेव्हा आम्ही समजलो की शाईची डबी गेली आणि काच आली, बाकी सगळं तेच. कोणी विचारलं नाही. बुढीनं नाही, बायकोनं नाही, आणि तो मशीनवालाही आमच्यातलाच.

"बुढे, डावी करंगळी दे," मी म्हटलं.

बिबा उजव्या हातानं मारतात आणि गरही त्याच बोटांनी काढतात, डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि शेजारच्या बोटांनी धरतात. डावी करंगळी बाजूला उभी राहते. हे मला अकरा दिवसांपूर्वी माहीत नव्हतं. बुढीनं करंगळी काचेवर ठेवली. लाल उजेड आला, आणि मशीनमधून बारीक आवाज झाला. स्क्रीनवर बुढीचा फोटो आला, केस अजून काळे असलेला.

"झालं," मशीनवाला म्हणाला.

"काय झालं?" बुढीनं विचारलं.

"तुमी जिवंत हाये, आजी."

मॅडमनी वहीत बुढीच्या नावापुढे खूण केली. मी विचारलं, "त्या गवंड्याचे बोटं कोनं पाह्यले होते?"

मशीनवाल्यानं मान खाली घातली. मॅडम म्हणाल्या, "नाव निघालं तर आता नवा अर्ज करावा लागेल, बाबा. मंगरूळला, तहसीलात. त्यांना घेऊन जा, मी इथून कागद देते." आणि त्यांनी खरंच एक कागद लिहून शिक्का मारून दिला.

येताना बुढी वाटेत थांबून थांबून हसत होती. करंगळी पाहायची आणि हसायची. "हे येवढुशी. हिनं कधी एक काम नाई केलं जन्मात."

मी हसलो नाही. बायकोची बोटं माझ्या डोळ्यासमोर होती. किती वर्षं ती छपरीत बसून जळत्या तेलात हात घालत होती, आणि सुटका करंगळीत होती. मला राग आला. आधी मशीनवाल्याचा आला, मग तिचाही आला. तिनं मला एकदा जरी संगं नेलं असतं तर मी विचारलं असतं. मला विचारायची खोड आहे, तिला नव्हती. पण तिनं मला नेलं नाही ते माझ्या तोंडामुळे, आणि विचारायला जे लागत होतं तेही माझं तोंडच. हे मला त्या वाटेवर समजलं. समजून उपयोग नव्हता, ती नव्हती.

"भाऊ," बुढी दारात म्हणाली, "तिले हे मालूम असतं तर ती आली असती काय रे माह्या घरी?"

"आली असती," मी म्हटलं. "मी झोपलो का तिले बोलाले कोनी नोतं."

बुढीनं मान हलवली. मग हात पुढे केला. "दे आता माहा दगड. तू लय चुरा करतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुऊन, मॅडमचा कागद खिशात घालून पल्याडच्या आळीत गेलो. गवंडी अंगणात खाटेवर बसला होता. सिमेंटानं खाल्लेले हात, वर्षभरापासून पगार नाही, घरात फक्त एक आजारी भाऊ. मी कधी त्याच्या घरी गेलो नव्हतो.

"हात दाखव," मी म्हटलं.

"कायले? भविष्य पाहाले शिकला काय?"

"दाखव तं खरं. दोन्ही."

त्यानं हात पुढे केले. मी खाट उन्हात ओढली, चष्मा लावला आणि एकेक बोट धरून पाहायला लागलो. अंगठे गेले होते. दोन्हीकडची पहिली बोटं गेली होती. उजवा हात तर सगळाच सपाट होता. तो विचारत होता काय शोधून राह्यला, आणि मी म्हणत होतो थांब. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटावर, एका बाजूनं, रेघा होत्या. चांगल्या सात-आठ.

"आंघोळ कर," मी म्हटलं. "नऊची गाडी हाये मंगरूळची."

"चहा तरी पिऊ देशीन का नाई?"

"पी ना. मलेई दे."

तो चूल पेटवायला आत गेला. मी त्याचं ते बोट कोणतं, विसरू नये म्हणून माझ्या हाताचं तेच बोट मुठीत धरून खाटेवर बसलो.